सर्वोच्च न्यायालयाने विमा दाव्यातील याचिका ऐकण्यास नकार दिला, म्हणजे दावा संपला का?

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यांनी विचारलेला प्रश्न असा आहे. २०१६ मध्ये त्यांच्या गोदामाला आग लागली. साठ्याच्या नोंदी जुळत नाहीत असे कारण देऊन विमा कंपनीने दावा नाकारला. २०१८ मध्ये त्यांनी जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार केली आणि मंचाने त्यांना १४ लाख रुपये व्याजासह मंजूर केले. कंपनीच्या अपिलात राज्य आयोगाने तो आदेश रद्द केला, राष्ट्रीय आयोगाने त्यांचा पुनरीक्षण अर्ज फेटाळला आणि चार महिन्यांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची विशेष अनुमती याचिका दोन ओळींच्या आदेशाने निकाली काढली. ‘देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने कंपनी बरोबर आहे असे सांगितले, आता काय उरले?’ असे ते विचारतात.

उत्तराची सुरुवात या वाक्याच्या पहिल्या भागापासूनच करावी लागेल, कारण सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितलेले नाही. आपण पाठवलेल्या आदेशातील शब्द इतकेच आहेत की आव्हानित आदेशात हस्तक्षेप करण्यास न्यायालय इच्छुक नाही, म्हणून याचिका फेटाळण्यात येत आहे. त्यात पॉलिसीच्या अटींविषयी, साठ्याच्या नोंदींविषयी किंवा कंपनीच्या वागणुकीविषयी एक शब्दही नाही. ऐकण्यास नकार देणे आणि ऐकून विरुद्ध निकाल देणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या हातात पुढे काय उरले आहे हे या फरकावरच ठरते.

घटनेच्या अनुच्छेद १३६ खाली जी याचिका केली जाते ती अपील नसते. अपील करू द्यावे अशी ती विनंती असते. ही परवानगी देणे न देणे सर्वस्वी न्यायालयाच्या विवेकावर आहे, आणि ती नाकारण्यामागे अनेक कारणे असू शकतात: वाद केवळ वस्तुस्थितीचा आहे, रक्कम आणि प्रश्न दोन्ही त्या पक्षांपुरतेच मर्यादित आहेत, दुसरा मार्ग उपलब्ध असताना थेट दिल्ली गाठली आहे, किंवा खालच्या आदेशात दोष असला तरी तो या न्यायालयाने लक्ष घालावे इतका व्यापक महत्त्वाचा नाही. ‘कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य’ या २००० सालच्या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे नीट उलगडून सांगितले आहे. परवानगी मिळण्याआधीच याचिका कारणे न देता फेटाळली गेली, तर खालचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होत नाही आणि त्या नकाराला अनुच्छेद १४१ खाली कायद्याच्या घोषणेचे, म्हणजे सर्व न्यायालयांवर बंधनकारक नियमाचे, स्वरूपही येत नाही. परवानगी मिळून अपील दाखल झाले आणि मग ते फेटाळले गेले, तर मात्र विलीनीकरण होते व खालच्या आदेशाला स्वतंत्र अस्तित्व उरत नाही. २०१९ मध्ये ‘खोडे डिस्टिलरीज’ प्रकरणात पुन्हा तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम ठेवली.

म्हणून माझ्याकडे असा पक्षकार आला की मी निकालपत्रांच्या गठ्ठ्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या शेवटच्या आदेशाची प्रत मागतो आणि त्यातला प्रत्येक शब्द वाचतो. ‘फेटाळली’ या एका शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. आदेशात कारणे दिली असतील, उदाहरणार्थ वगळणुकीचे (कोणते नुकसान विम्यात धरले जात नाही हे सांगणारे) अमुक कलम या नुकसानीला लागू होते असे म्हटले असेल, तर विलीनीकरण झाले नसले तरी ते कारण खालच्या सर्व न्यायालयांवर आणि आपल्यावर बंधनकारक राहते, आणि तोच मुद्दा अन्यत्र उकरून काढता येत नाही. आपल्या वकिलांनी याचिका मागे घेतली असेल, तर योग्य त्या न्यायालयात जाण्याची मुभा नोंदवून घेतली होती का हे पाहावे लागते, कारण मुभा न घेता मागे घेतलेल्या याचिकेनंतर त्याच आदेशाविरुद्ध दुसरी विशेष अनुमती याचिका चालत नाही. फेडरल बँकेशी संबंधित एका प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. केवळ विलंबाच्या कारणाने याचिका फेटाळली गेली असेल, तर गुणवत्तेला स्पर्शच झालेला नसतो. आपला आदेश कारणांविना आहे, मुभा मागितलेली नाही आणि नाकारलेलीही नाही. आपल्यासारख्या परिस्थितीतल्या माणसासाठी हा त्यातल्या त्यात बरा प्रकार आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. माझ्या मते आपला प्रश्न ‘सर्वोच्च न्यायालयाने का नाकारले’ यापेक्षा ‘उच्च न्यायालयाचा मधला टप्पा का गाळला गेला’ हा आहे. राष्ट्रीय आयोगाच्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात हक्काचे अपील फक्त तेव्हाच असते जेव्हा तक्रार मुळात राष्ट्रीय आयोगाकडेच दाखल झालेली असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ६७ तसे सांगते आणि १९८६ च्या कायद्यातील कलम २३ चाही अर्थ तोच होता. जिल्ह्यापासून चढत गेलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग अपील किंवा पुनरीक्षण ऐकत असतो, आणि तेथे हे हक्काचे अपील संपते.

विमा ग्राहकांच्या बाबतीत तर यापुढे जवळजवळ प्रत्येक प्रकरण याच वाटेने जाणार आहे. नव्या कायद्यात आयोगाचे अधिकारक्षेत्र मागितलेल्या रकमेवर न ठरता ग्राहकाने मोजलेल्या मोबदल्यावर ठरते, म्हणजे विम्याच्या बाबतीत भरलेल्या हप्त्यावर. जिल्हा आयोगाची मर्यादा सध्या ५० लाख रुपये आहे. एवढा हप्ता कोणता दुकानदार भरतो? त्यामुळे दावा कोटींचा असला तरी तक्रार जिल्ह्यातच दाखल होते. ही रचना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैधही ठरवली आहे. आपली तक्रार २०१८ ची असल्यामुळे ती जुन्या कायद्याखाली चालली, आणि जुनी प्रकरणे जुन्याच व्यवस्थेत पुढे जातील हे २०२१ मध्ये ठरलेले आहे. पण हक्काचे अपील नाही या मुद्द्यावर दोन्ही कायद्यांत काही फरक पडत नाही.

मग मार्ग कोणता, याचे उत्तर मे २०२२ मध्ये ‘ओमॅक्स’ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात मिळाले. राष्ट्रीय आयोगाने अपिलात दिलेल्या आदेशाविरुद्ध अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे न्यायाधिकरणांवरील देखरेखीच्या अधिकारात, उच्च न्यायालयात याचिका चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये विम्याचेच प्रकरण आले. ‘युनिव्हर्सल सोम्पो’ ही विमा कंपनी राष्ट्रीय आयोगाच्या आदेशाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने त्या प्रकरणाच्या गुणवत्तेत शिरण्यास नकार दिला आणि कंपनीला आधी संबंधित उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली जाण्यास सांगितले. उच्च न्यायालयाचा अंतिम आदेश झाल्यावर नाराज पक्षाला पुन्हा अनुच्छेद १३६ खाली येता येईल, असेही नमूद केले. मला हा निकाल सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो. उच्च न्यायालय त्याच्या राज्यात असते, तेथील वकील त्याला परवडण्याची शक्यता जास्त असते, आणि दिल्लीच्या एका तारखेसाठी दुकान बंद ठेवून जाणाऱ्या माणसाची ओढाताण त्यामुळे थांबू शकते. असे असूनही आजही पक्षकारांना राष्ट्रीय आयोगातून थेट सर्वोच्च न्यायालयात नेले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तर आता, सर्वोच्च न्यायालयाने एकदा नकार दिल्यावर उच्च न्यायालयात जाता येते का? माझे मत जाता येते असे आहे, आणि त्याला आधार ‘इंडियन ऑइल कॉर्पोरेशन विरुद्ध बिहार राज्य’ या १९८६ च्या निकालाचा आहे. त्या प्रकरणात कामगार न्यायालयाच्या निवाड्याविरुद्धची विशेष अनुमती याचिका कारणांविना फेटाळली गेली होती आणि त्याच कारणाने उच्च न्यायालयाने नंतरची रिट याचिका ऐकण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका चुकीची ठरवली: कारणे न देता परवानगी नाकारली याचा अर्थ प्रकरणातील मुद्दे निकाली निघाले असा होत नाही, म्हणून रिट याचिकेला तेवढ्यावरून अडथळा येत नाही. विमा कंपनीचे वकील प्राथमिक आक्षेप हमखास घेतील आणि न्यायमूर्तीही पहिल्याच तारखेला हा प्रश्न विचारतील, त्यामुळे हा निकाल आणि ‘कुन्हायम्मद’ हे दोन्ही हाताशी असले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयातील याचिका फेटाळली गेली ही गोष्ट आपल्या याचिकेत ठळकपणे, आदेशाच्या प्रतीसह सांगा. ती दडवली तर दुसरे काही न पाहता याचिका फेटाळली जाऊ शकते, आणि ते योग्यच ठरेल.

कोणत्या उच्च न्यायालयात, हाही प्रश्न उद्भवतो, कारण राष्ट्रीय आयोग दिल्लीत आहे. गोदाम सांगलीत, पॉलिसी सांगलीत घेतलेली, तक्रार सांगलीत, राज्य आयोग महाराष्ट्राचा. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयच योग्य होय. सांगली जिल्ह्यासाठी आता मुंबईलाही जावे लागत नाही. कोल्हापूर येथील सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे चालतात.

येथे मात्र मी आपल्याला सावध करीन, कारण याचिका चालते आणि याचिका यशस्वी होते यांत मोठे अंतर आहे. अनुच्छेद २२७ खालील अधिकार देखरेखीचा आहे. खालच्या न्यायाधिकरणाने आपल्या अधिकाराच्या मर्यादेत राहून, दोन्ही बाजू ऐकून, पुराव्याच्या आधारे एखादे मत बनवले असेल, तर ते मत उच्च न्यायालयाला पटले नाही तरी ते सहसा बदलले जात नाही. ‘साक्षीदारावर विश्वास ठेवायला हवा होता’, ‘साठा एवढा नव्हे तेवढा धरायला हवा होता’ अशा युक्तिवादांना तेथे जागा नाही. ग्राहक आयोगातल्या अपिलाचाच मसुदा वरचे शीर्षक बदलून उच्च न्यायालयात दाखल केलेला मी अनेकदा पाहतो आणि तो पहिल्याच सुनावणीत कोसळतो. महत्त्वाचा कागद नजरेआड झाला, पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, पक्षकाराला उत्तर देण्याची संधी न देता नवा मुद्दा स्वीकारला, किंवा सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेला नियम डावलला, अशा स्वरूपाचा दोष दाखवता आला पाहिजे.

आपल्या कागदांत असे दोन दोष मला दिसतात. पहिला दोष अधिक बळकट आहे. दावा नाकारल्याच्या पत्रात कंपनीने फक्त साठ्याच्या नोंदींचे कारण दिले होते. गोदामात रिकामे बारदान साठवून पॉलिसीच्या अटीचा भंग केला, हे कारण प्रथम राज्य आयोगातील अपिलात आले आणि राज्य आयोगाने मुख्यतः त्यावरच आपला दावा अमान्य केला. नाकारण्याच्या पत्रात नसलेले कारण विमा कंपनीला नंतर न्यायालयात पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स’ या २०१९ च्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. या नियमामागचा विचार न्यायाचा आहे: ज्या कारणाने माणसाचा दावा नाकारला ते त्याला वेळीच कळले पाहिजे, म्हणजे तो त्याला उत्तर देऊ शकेल आणि पुरावा जपून ठेवू शकेल. आग लागल्यानंतर कित्येक वर्षांनी बारदानाचा मुद्दा निघाला तेव्हा ते बारदान कोठे होते आणि किती होते हे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन आपल्याकडे उरले नव्हते. मात्र हा आक्षेप आपण राज्य आयोगात आणि राष्ट्रीय आयोगात लेखी घेतला होता का, यावर बरेच अवलंबून आहे. लेखी युक्तिवादाच्या प्रती शोधा. आक्षेप नोंदलेला असेल आणि तरी त्याचा विचार झाला नसेल, तर आपली बाजू खूपच भक्कम होते. नोंदलेला नसेल तर तो शुद्ध कायद्याचा मुद्दा म्हणून मांडता येईल, पण वजन कमी पडेल.

दुसरा दोष सर्व्हेअरच्या अहवालाचा आहे. कंपनीनेच नेमलेल्या सर्व्हेअरने नुकसान ९ लाखांच्या आसपास काढले होते, आणि राज्य आयोगाच्या निकालात त्या अहवालाचा साधा उल्लेखही नाही. विमा कायद्याच्या कलम ६४ यूएम प्रमाणे मोठ्या नुकसानीच्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी आवश्यक असते. त्याचा अहवाल अंतिम शब्द नव्हे, हे ‘न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स’च्या २००९ च्या प्रकरणापासून प्रस्थापित आहे आणि कंपन्या त्याचा वारंवार आधारही घेतात, परंतु अहवाल अंतिम नसणे म्हणजे तो कारण न देता बाजूला सारता येणे नव्हे. एवढा मोलाचा कागद निकालात विचारातच घेतला गेला नसेल, तर तो देखरेखीच्या अधिकारात पाहण्याजोगा दोष आहे. यामुळे १४ लाखांचा पूर्ण आदेश परत येईलच असे मी म्हणणार नाही, पण पूर्ण दावा शून्यावर आणण्याचे समर्थन कंपनीला कठीण जाईल.

आपल्या वाचनात याशिवाय वगळणुकीची कलमे ग्राहकाला न देण्याविषयीचे निकालही आलेले दिसतात. ‘भारत वॉच कंपनी’ प्रकरणात २०१९ मध्ये असे कलम कळवलेच नसेल तर ते बंधनकारक नाही असे ठरले, हे खरे आहे. परंतु पॉलिसीचे संपूर्ण दस्तऐवज आपल्याला मिळाल्याचे आपण तक्रारीतच मान्य केले आहे, म्हणून तो मुद्दा आपण घेऊ नये. भरमसाट मुद्दे मांडल्याने चांगला मुद्दा दिसेनासा होतो.

विलंबाविषयी थोडे. अनुच्छेद २२७ च्या याचिकेला कायद्याने ठरवलेली मुदत नाही, पण अवास्तव उशीर न्यायालय खपवून घेत नाही. सर्वोच्च न्यायालयातील याचिका प्रलंबित होती तो काळ आपण प्रामाणिकपणे दुसऱ्या मार्गाने दाद मागत होता म्हणून समजून घेतला जाईल. त्यानंतरच्या चार महिन्यांचे स्पष्टीकरण मात्र तारखांसह द्यावे लागेल: आदेशाची प्रत केव्हा मिळाली, दिल्लीहून कागद केव्हा परत आले, सल्ला केव्हा घेतला. यात आणखी एकही महिना घालवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

आपल्याला कोणी पुनर्विलोकनाचा सल्ला दिला आहे. कारणांविना फेटाळलेल्या याचिकेनंतर खालच्या न्यायालयात पुनर्विलोकन मागता येते हे ‘कुन्हायम्मद’मध्येच मान्य झाले आहे आणि राष्ट्रीय आयोगालाही तो अधिकार आहे, पण तो केवळ आदेशावर वरवर पाहताच दिसणाऱ्या चुकीपुरता आहे आणि मुदत ३० दिवसांची आहे. सर्वोच्च न्यायालयातील पुनर्विलोकनाचीही मुदत तेवढीच असून ते सामान्यतः तोंडी सुनावणीविना, न्यायमूर्तींच्या दालनात तपासले जाते. आपल्या बाबतीत दोन्ही मुदती उलटल्या आहेत आणि दोष वादविवादाशिवाय दिसणारा नाही, त्यामुळे मी त्या वाटेला जाणार नाही. विमा लोकपालाकडेही आता जाता येणार नाही, कारण ग्राहक आयोगाने ज्यावर निकाल दिला आहे अशी तक्रार तो स्वीकारत नाही.

याच प्रश्नाच्या उलट बाजूला असलेले वाचक, म्हणजे ज्यांच्या बाजूने आदेश आहे आणि कंपनीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्यास नकार दिला आहे, त्यांनी वरील सर्व गोष्टी कंपनीलाही तितक्याच लागू आहेत हे ध्यानात ठेवावे. कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकते. मात्र तेथे स्थगिती मिळेपर्यंत आपला आदेश पूर्णपणे अमलात आणण्याजोगा आहे, म्हणून अंमलबजावणीचा अर्ज लगेच करावा आणि अपिलाच्या वेळी कंपनीने जमा केलेली रक्कम काढून घेण्याची परवानगी मागावी. स्थगिती देताना ग्राहक कायद्यातील रक्कम जमा करण्याची अट उच्च न्यायालयाने लक्षात ठेवावी, असे ‘ओमॅक्स’च्या निकालातही सांगितले आहे.

शेवटी अपेक्षेविषयी, कारण वकिलाने ती आधीच सांगायला हवी. आपली याचिका यशस्वी झाली तरी बहुतेक वेळा उच्च न्यायालय रक्कम देण्याचा आदेश करीत नाही. आयोगाचा आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा विचारार्थ पाठवते. आग लागून गेलेल्या वर्षांचा विचार करता ही फेरी आपल्याला जड जाईल. म्हणून याचिकेच्या मागण्यांत जिल्हा मंचाचा आदेश पुनःस्थापित करावा ही पहिली मागणी ठेवा, सर्व्हेअरने काढलेल्या रकमेपुरता तरी दावा मंजूर करावा ही पर्यायी मागणी ठेवा, आणि प्रकरण परत पाठवायचेच असेल तर ते राज्य आयोगाने ठरावीक मुदतीत निकाली काढावे असा निर्देश मागा. कोल्हापूरला वकील नेमताना सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, दावा नाकारल्याचे मूळ पत्र, सर्व्हेअरचा अहवाल, कंपनीच्या अपिलाचा मेमो आणि दोन्ही आयोगांतील आपले लेखी युक्तिवाद एवढे कागद पहिल्याच भेटीत सोबत न्यावेत. बाकीची फाइल नंतर दिली तरी चालेल.